श्रावणबाळाच्या नावाने योजना आहे, श्रावणबाळासाठी मात्र नाही



परिपाठातली बोधकथा म्हटली की श्रावणबाळ हमखास येतो. कावड, आंधळे आईवडील, पाणी आणायला गेलेला मुलगा. मीही ही गोष्ट कित्येकदा सांगितली आहे. पण मागच्या सोयाबीनच्या हंगामात एका मुलीने मला त्या गोष्टीची दुसरी बाजू दाखवली.

चौथीतली मुलगी. हजेरीपटावर सलग नऊ दिवस गैरहजर. दहाव्या दिवशी आली तेव्हा मी जरा रागातच विचारलं. खाली मान घालून ती म्हणाली, "सर, माय सोयाबीन सोंगाले जाते. आजी खाटीवर हाये. तिले पानी कोन देईन?"

मला काही बोलता आलं नाही. आपल्या मंगरूळपीर तालुक्यात सोंगणीचे दिवस म्हणजे मजुरीचे दिवस. आईने घरी बसावं तर मजुरी बुडते, मुलीने बसावं तर शाळा बुडते. मग वर्गात विचारलं, "तुमच्या घरी आजारी माणसाचं कोण करतं?" उत्तरं आली: आई, काकू, मोठी ताई. बाबा किंवा दादा असं कुणीच म्हणालं नाही.

खोटं कशाला बोलू, माझ्या घरीही तेच होतं. बाबांना लकवा मारला, ते अडीच वर्षं अंथरुणावर होते. तपासणीसाठी अकोल्याला मी न्यायचो आणि लोक म्हणायचे, "पोरगा श्रावणबाळ निघाला!" पण दर दोन तासांनी कूस बदलणं, भरवणं, अंग पुसणं, रात्री उठणं हे सगळं माझ्या पत्नीने केलं. तिचं शिवणयंत्र अडीच वर्षं झाकलेलं राहिलं. त्या बुडालेल्या कमाईची नोंद कुठेच नाही.

आता सरकारी बाजू बघा. राज्यात 'श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना' आहे. ६५ वर्षांवरील गरजू वृद्धांना त्यातून दरमहा १५०० रुपये मिळतात. चांगलीच गोष्ट आहे. पण कावड खांद्यावर घेणाऱ्याला त्यात काही नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात आईवडिलांना वाऱ्यावर सोडणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड आहे. म्हणजे सोडणाऱ्याची दखल आहे, सांभाळणाऱ्याची नाही.

दिव्यांगांच्या बाबतीत थोडा फरक आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात 'काळजीवाहक' या शब्दाची व्याख्याच दिलेली आहे. त्यात विनामोबदला काळजी घेणारे आईवडील आणि कुटुंबीयही येतात. जास्त आधाराची गरज असलेल्यांसाठी काळजीवाहक भत्त्याचीही तरतूद आहे. म्हणजे कल्पना नवी नाही, ती सर्वांपर्यंत पोचवायची आहे. केरळमध्ये 'आश्वासकिरणम्' योजनेत अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची घरी काळजी घेणाऱ्याला दरमहा ६०० रुपये ठरवले आहेत. रक्कम तुटपुंजी आहे, पण त्यात माणूस कागदावर तरी आला. ब्रिटनने असा भत्ता १९७६ मध्ये सुरू केला. गंमत म्हणजे, लग्न झालेल्या बायकांना त्यातून वगळलं होतं, ते तर त्यांचं कामच असं धरून! ती चूक सुधारायला १९८६ उजाडलं.

आपल्याकडे 'कामच आहे' म्हणजे किती? केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात १५ ते ५९ वयोगटातल्या ४१ टक्के स्त्रिया घरातल्यांची काळजी घेण्यात वेळ देताना दिसल्या, पुरुष २१.४ टक्के. काळजी घेणाऱ्या स्त्रीचा दिवसाला सुमारे १४० मिनिटं वेळ जातो, पुरुषाचा ७४. आपल्या भाषेत सांगायचं तर तिच्या रोज चार तासिका, त्याच्या दोन. स्वयंपाक-धुणीभांडी यात धरलेलीच नाहीत.

कुणी म्हणेल, "आईबापाची सेवा पैशात मोजायची का?" अजिबात नाही. सेवा मोजू नका, पण सेवा करणाऱ्याची बुडालेली मजुरी तर मोजा! भत्ता मिळाला म्हणून माया कमी होत नाही.

माझ्या मते देशपातळीवर एवढं तरी व्हावं:

१. घरी रुग्ण सांभाळणाऱ्याची आरोग्य उपकेंद्रात नोंद आणि गरजूंना मासिक भत्ता.
२. कूस कशी बदलावी, जखमा कशा टाळाव्यात, नळी कशी सांभाळावी याचं साधं प्रशिक्षण गावातच.
३. हंगामात दिवसभर रुग्णाला सांभाळणारी जागा किंवा माणूस. त्या मुलीला पैशापेक्षा याचीच गरज होती.
४. नोकरदारांना रजा. महिला कर्मचाऱ्यांना १८० दिवसांची बालसंगोपन रजा आहे, तशी आजारी आईवडिलांसाठीही असावी, आणि ती पुरुषांनीही घ्यावी.

तोपर्यंत आपण काय करू शकतो? शिक्षकांनो, गैरहजेरीचं लाल शेरा मारण्याआधी कारण विचारा. मी आता विचारतो. त्या मुलीच्या आईशी बोललो, शेजारच्या काकूंनी दुपारी आजीकडे बघायचं ठरलं. सध्या ती शाळेत येते, पण काकूंनाही शेत आहे, त्यामुळे हे किती दिवस चालेल सांगता येत नाही. आणि पालकहो, आजोबांना पाणी द्यायला मुलीला उठवता, तसं मुलालाही उठवा.

श्रावणबाळाची गोष्ट मी पुढेही सांगणार आहे. फक्त गोष्ट संपली की मुलांना विचारणार आहे, "तुमच्या घरची कावड कोणाच्या खांद्यावर आहे?" तुम्हीही तुमच्या वर्गात विचारून बघा.