दुरुस्ती की नवे यंत्र? एसीच्या खर्चाचा हिशेब



होळी जवळ आली की आपल्या विदर्भात घरखर्चाच्या वहीत उन्हाळ्याचे स्वतंत्र खाते उघडावे लागते. नागपुरात २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला होता. दरवर्षी तो तेवढा चढत नसला, तरी पंचेचाळीस अंशांच्या दुपारी आपल्याला नव्या नाहीत. अशा दुपारी घरात वृद्ध आई-वडील किंवा तान्हे मूल असताना एसी बंद पडला, तर मेकॅनिक सांगेल तो आकडा आपण मान्य करतो. दुकानात पै-पैचा भाव करणारा गृहस्थ त्या क्षणी पावतीसुद्धा मागत नाही. हे अज्ञानामुळे नव्हे, घाईमुळे घडते. म्हणून हा हिशेब ऊन तापण्यापूर्वीच मांडून ठेवलेला बरा.

आधी बिघाड आहे का, ते पाहावे

एसीची क्षमता बाहेरचे तापमान ३५ अंश धरून मोजली जाते. बाहेर ४५ अंश असताना तेच यंत्र कमी थंडावा देते आणि वीज अधिक घेते. त्यामुळे नवतपात खोली मनाजोगी गार झाली नाही, म्हणजे यंत्र बिघडलेच, असे नाही. तारांकन असलेल्या एसींमध्ये जानेवारी २०२० पासून सुरुवातीचे तापमान २४ अंश ठेवणे बंधनकारक आहे. त्यापुढे प्रत्येक अंश वाढविल्यास सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो. १८ अंशांवर यंत्र लावल्याने खोली लवकर गार होत नाही, कॉम्प्रेसर मात्र अखंड राबतो.

दुसरी गोष्ट खास आपल्या गावाची. खापरखेड्याचे औष्णिक विद्युत केंद्र १३४० मेगावॅटचे, आणि कोराडीचे केंद्रही जवळच. आपल्याकडील कोळशात राखेचे प्रमाण मोठे असते. वाऱ्याबरोबर येणारी ही बारीक राख गच्चीवरच्या वाळवणावर दिसते, तशीच ती एसीच्या बाहेरच्या युनिटमधील पातळ पत्र्यांमध्ये जाऊन बसते आणि दवाने किंवा वळवाच्या सरीने ओली झाली की घट्ट धरते. मग आतली उष्णता बाहेर पडत नाही, कॉम्प्रेसर तापतो आणि वारंवार बंद पडतो. या लक्षणावर 'गॅस कमी झाला' असे निदान होण्याचा संभव असतो. प्रत्यक्षात गरज असते ती स्वच्छ धुण्याची. आपल्या गावात उन्हाळ्यात महिन्यातून एकदा, वीज मुख्य बटणातून बंद करून, मंद धारेने बाहेरचे युनिट धुवावे. जोराच्या धारेने पत्रे वाकतात. हिवाळाभर यंत्र बंद असते, तेव्हा चिमणी-पारवे तेथे घरटे करतात. ते आधी पाहावे आणि पिल्ले असतील तर ती उडेपर्यंत थांबावे. आतली जाळी दर पंधरा दिवसांनी घरीच धुता येते.

गॅस संपत नसतो

एसीतील गॅस पेट्रोलसारखा जळून खर्च होत नाही. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो. तो कमी झाला असेल, तर कोठेतरी गळती आहे. गळती न शोधता गॅस भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे होय. मेकॅनिकने आधी नायट्रोजनच्या दाबाने गळती शोधावी, सांधा पक्का करावा, मग पंपाने नळ्या निर्वात करून यंत्रावरील पट्टीत लिहिलेल्या वजनाइतकाच गॅस काट्यावर मोजून भरावा. अंदाजाने भरलेला गॅस कमी पडला काय किंवा जास्त झाला काय, नुकसान कॉम्प्रेसरचेच होते.

त्याच पट्टीवर गॅसचा प्रकारही लिहिलेला असतो. जुन्या यंत्रांतील आर-२२ ओझोनच्या थराला घातक असल्याने माँट्रियल कराराखाली मागे घेतला जात आहे. भारतातील त्याचा वापर २०३० पर्यंत जवळजवळ संपवायचा आहे. अशा यंत्राला दर वर्षी गॅस भरावा लागत असेल, तर पुढचा खर्च वाढतच जाणार. नव्या यंत्रांतील आर-३२ काहीसा, तर आर-२९० चांगलाच ज्वलनशील असतो. त्यांचे काम प्रशिक्षित माणसाकडूनच करून घ्यावे.

उरलेल्या बिघाडांत कपॅसिटर सर्वांत स्वस्त. काही शेकड्यांत काम होते. तो गेला तरी कॉम्प्रेसर सुरू होत नाही. म्हणून 'कॉम्प्रेसर गेला' असे कानावर आले, की कपॅसिटर तपासला का, हे अवश्य विचारावे. पीसीबी हजारांत जाते आणि कॉम्प्रेसर त्याहून पुढे. अनेक कंपन्या कॉम्प्रेसरची हमी दहा वर्षांपर्यंत देतात. परंतु त्या हमीत गॅस, मजुरी आणि वाहतूक बहुधा धरलेली नसते. हमीपत्र काढून वाचल्याखेरीज होकार देऊ नये.

दोन घरे, दोन उत्तरे

आता मुख्य प्रश्न. आकडे केवळ उदाहरणादाखल घेऊ. दुरुस्तीला १४,००० रुपये, नव्या पंचतारांकित यंत्राला ४२,००० रुपये. म्हणजे फरक २८,००० रुपयांचा. जुने यंत्र ताशी १.८ युनिट वीज घेते, नवे १.१ युनिट, म्हणजे ताशी ०.७ युनिटची बचत. घरगुती वीजदर टप्प्यांचा असल्याने एसीची वीज वरच्या, महाग टप्प्यात मोजली जाते. तेथील दर १२ रुपये धरू.

एका घरी एसी वर्षात १२० दिवस, रोज ८ तास चालतो. बचत ६७२ युनिट, म्हणजे सुमारे ८,००० रुपये. जादा गुंतवणूक साडेतीन वर्षांत वसूल होते. तेथे नवे यंत्र घ्यावे. दुसऱ्या घरी तो रोज दोनच तास चालतो. बचत वर्षाला सुमारे २,००० रुपये. वसुलीला चौदा वर्षे लागतील. तेथे दुरुस्तीच शहाणपणाची. यंत्र तेच, बिघाड तोच, तरी उत्तरे वेगळी. म्हणून शेजाऱ्याने काय केले, यावर न जाता आपल्या वीजबिलाचे मागील बारा महिने समोर ठेवावेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला आहे. जुना भाव मनात धरून तुलना करू नये.

दुकानाच्या एसीचा हिशेब निराळा. त्याची साधी दुरुस्ती त्या वर्षीच्या खर्चात जाते, नवे यंत्र मात्र भांडवली मालमत्ता ठरून त्यावर वर्षानुवर्षे घसारा मिळतो. घरच्या एसीचे बिल दुकानाच्या वहीत घालण्याचा मोह टाळावा. तो घरखर्चच आहे, आणि तपासणीत पहिला प्रश्न अशाच बिलांवर येतो.

घाई टाळण्याचे साधन

आपल्या कोरड्या उन्हाळ्याने एक सवलत दिली आहे. एप्रिल-मेमध्ये हवेत ओलावा कमी असल्याने वाळ्याच्या ताट्यांचा कूलर हवा दहा-बारा अंशांनी सहज उतरवतो. फक्त समोरची खिडकी उघडी हवी. मृगाच्या सरी पडल्या की त्याचा उपयोग सरतो, आणि तेव्हापासून ऑक्टोबरपर्यंत एसीची खरी गरज भासते. म्हणून घरात कूलर सज्ज असू द्यावा. मे महिन्यात एसी बंद पडला, तर दोन दिवस कूलरवर काढून दुसऱ्या मेकॅनिककडून लेखी अंदाजपत्रक मागवता येते. घरात आजारी, अतिवृद्ध किंवा तान्हे असेल, तर मात्र त्यांची सोय तेवढे दिवस नातलगांच्या गार खोलीत करावी. त्यांना तापलेल्या घरात ठेवून पैसे वाचवू नयेत.

बँकेत असताना दोन दरपत्रकांशिवाय आम्ही यंत्राच्या कर्जाची फाइल पुढे सरकवत नसू. घरातही तीच शिस्त ठेवावी. एक साधी फाइल करावी. तीत खरेदीची तारीख, गॅसचा प्रकार व वजन, प्रत्येक दुरुस्तीची पक्की पावती आणि बदललेल्या भागाची नोंद असावी. काढलेला जुना भाग मागून घ्यावा. दोन वर्षांत दुसऱ्यांदा गॅस भरायची वेळ आली, तर दुरुस्ती थांबवून वरचा हिशेब पुन्हा मांडावा. सर्व्हिसिंग होळीपूर्वी उरकावे. या दिवसांत मेकॅनिकला सवड असते आणि आपल्यालाही चार प्रश्न विचारायला उसंत मिळते.