विश्लेषण : तलवारही हवी, मंत्रही हवा! ‘डी अँड डी’मधला कोणता दुहेरी योद्धा फटका खाऊन टिकतो?

डिजिटल डेस्क, खांब (ता. रोहा)

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ म्हणजेच ‘डी अँड डी’ खेळायला बसलेल्या अनेक नवख्यांची पहिली मागणी ठरलेली असते : मला तलवारही हवी आणि जादूही. खेळात त्याची सोय आहे, आणि एक सोडून अनेक प्रकारे आहे. निवड करताना मात्र ‘जादू कोणाकडे जास्त’ एवढंच पाहिलं जातं. माझ्या मते हा प्रश्नच चुकीचा आहे. फटका बसल्यावर कोणाची जादू शिल्लक राहते, हे पाहायला हवं.

हा खेळ नेमका काय आहे?

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या अमेरिकन जोडीने १९७४ मध्ये हा खेळ आणला. एक जण ‘डंजन मास्टर’ होऊन गोष्ट पुढे नेतो, बाकीचे एकेक पात्र खेळतात. एखादी गोष्ट जमली की फसली, हे २० बाजूंचा फासा ठरवतो. पात्राच्या पेशाला ‘क्लास’ म्हणतात. फायटर लढतो, विझार्ड मंत्र टाकतो. दोन्ही करणाऱ्या पात्राची हौस खेळाइतकीच जुनी आहे. १९८१ च्या ‘बेसिक’ संचात तर ‘एल्फ’ हा स्वतंत्र क्लासच होता, जो लढायचाही आणि जादूही करायचा.

दुहेरी पात्राला काय किंमत मोजावी लागते?

पहिली किंमत पाळीची. लढाईत आपल्या पाळीला मुख्य कृती एकच मिळते. तलवार चालवली तर मंत्र राहतो, मंत्र टाकला तर तलवार. दोन्ही येतं म्हणून दोन्ही एकाच वेळी करता येतं असं नाही.

दुसरी किंमत एकाग्रतेची. अनेक ताकदवान मंत्र ‘कॉन्सन्ट्रेशन’वर टिकतात. फटका बसला की फासा टाकायचा. बेरीज किमान १० (मोठ्या फटक्याला नुकसानीच्या निम्मी) आली नाही, तर मंत्र तुटतो. विझार्ड मागे उभा राहतो, त्यामुळे त्याचं निभावतं. तलवार घेतलेला पुढे उभा असतो आणि मारही त्यालाच बसतो.

आपल्याला हे नवीन नाही. खांबहून महामार्गाने दक्षिणेकडे निघालं की चिपळूणच्या अलीकडे परशुराम घाट लागतो. वेद आणि शस्त्र दोन्ही पेलणाऱ्या त्या गुरूचा शिष्य कर्ण. त्याच्याकडे अस्त्र होतं, ते चालवायची ताकदही होती. पण रथाचं चाक रुतलं त्या क्षणी शापामुळे मंत्र आठवला नाही. म्हणून दुहेरी पात्र निवडताना मी ‘कर्णाची कसोटी’ लावतो : ऐन वेळी मंत्र टिकतो का?

आकडे काय सांगतात?

२०१४ चे नियम आणि त्यानंतरची पूरक पुस्तकं धरून सहाव्या पातळीवरची चार पात्रं पाहू. सगळ्यांचा चिवटपणा (कॉन्स्टिट्यूशन) +२ आणि फटका २१ गुणांपर्यंतचा धरला आहे.

• एल्ड्रिच नाइट (फायटरचा उपप्रकार) : जीवगुण ५२. मंत्र टाकण्याच्या संधी, म्हणजे ‘स्लॉट’, फक्त ३. एकाग्रता टिकण्याची शक्यता ८० टक्के, कारण फायटरला चिवटपणाचं प्रशिक्षण मुळातच असतं.

• ब्लेडसिंगर (विझार्डचा उपप्रकार) : जीवगुण ३८, स्लॉट १०. बुद्धी +४ असेल तर ‘ब्लेडसाँग’ चालू असताना शक्यता ८५ टक्के. पण ब्लेडसाँग दिवसातून तीनदाच, एका वेळी एक मिनिट.

• हेक्सब्लेड (वॉरलॉकचा उपप्रकार) : जीवगुण ४५, स्लॉट २, पण तासाभराच्या विश्रांतीत ते परत मिळतात. वेगळी तजवीज केली नाही तर शक्यता ६५ टक्के.

• पॅलाडिन : जीवगुण ५२, स्लॉट ६. व्यक्तिमत्त्वाचा गुण (करिष्मा) +३ असेल तर सहाव्या पातळीला मिळणाऱ्या संरक्षक वलयामुळे शक्यता ८० टक्के.

मग ८५ टक्केवाला ब्लेडसिंगरच भारी का?

कागदावर तसं दिसतं. त्याला एका पाळीत दोन वार करता येतात आणि त्यातल्या एकाच्या जागी छोटा मंत्रही टाकता येतो. पाळीची अडचण त्याने सुंदर सोडवली आहे. पण तो स्वतःवर ‘हेस्ट’ मंत्र टाकून पुढे घुसला आणि एकाग्रता तुटली, तर नियमानुसार त्याची पुढची अख्खी पाळी वाया जाते. ३८ जीवगुणांवर शत्रूच्या घोळक्यात नुसतं उभं राहायचं. कर्णाचं चाक रुतलं ते इथेच.

पॅलाडिनचं वेगळं आहे. त्याचा ‘डिव्हाइन स्माइट’ वार लागल्यानंतर वापरायचा असतो. नेम चुकला तर स्लॉट वाया जात नाही, आणि एकाग्रतेचा प्रश्नही येत नाही. ‘ब्लेस’ मंत्रात त्याने स्वतःलाही धरलं, तर प्रत्येक बचावात चार बाजूंच्या फाशाची भर पडते आणि एकाग्रता टिकण्याची शक्यता ९२.५ टक्क्यांवर जाते. शिवाय दहा फुटांतल्या साथीदारांनाही त्याच्या वलयाचा फायदा मिळतो.

२०२४ च्या नव्या नियमांनी काय बदललं?

स्माइटला लगाम बसला. आता तो मंत्र म्हणून मोजला जातो, त्यासाठी जोडकृती खर्च होते आणि तो एका पाळीत एकदाच चालतो. एल्ड्रिच नाइटवरचं ठरावीक शाखांचेच मंत्र घेण्याचं बंधन गेलं, आणि सातव्या पातळीपासून एका वाराच्या जागी छोटा मंत्र टाकायची मुभा मिळाली. दोघांमधलं अंतर कमी झालं, पण क्रम बदलला असं मला वाटत नाही.

नवख्याने काय घ्यावं?

क्रिकेटच्या भाषेत, ऑलराऊंडर हवाच, पण तो मुळात बॅटर आहे की बोलर हे आधी ठरवा. एल्ड्रिच नाइट मुळात योद्धा आहे, त्याने जादू बचावासाठी राखावी. ब्लेडसिंगर मुळात विझार्ड आहे, त्याने तलवार अडचणीतच काढावी. हे भान असलेल्या अनुभवी खेळाडूच्या हातात दोघेही उत्तम.

खांब, कोलाड, रोहा किंवा पेणमध्ये तीन-चार मित्र पहिल्यांदाच जमणार असतील, तर माझं मत पॅलाडिनला. छोट्या गटात एक जण पडला तर संध्याकाळचा खेळच आटोपतो, आणि पॅलाडिन स्वतः टिकून इतरांना टिकवतो. खर्चाचीही चिंता नाही. जानेवारी २०२३ मध्ये कंपनीने मूलभूत नियम क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले केले. त्यात पॅलाडिन आहे. एल्ड्रिच नाइट, ब्लेडसिंगर आणि हेक्सब्लेडसाठी मात्र पुस्तकं विकत घ्यावी लागतात. मोफत नियम फोनवर उतरवा, फासे आणा आणि पहिला फटका बसू द्या. पात्र किती पाण्यात आहे, ते तेव्हाच कळेल.