क्रीटला जाताना पदर खोचू नका

जळगावहून एका भगिनीचं पत्र आलं आहे. जर्मनीत नोकरीला असलेला मुलगा येत्या सप्टेंबरात आईवडिलांना ग्रीसमधल्या क्रीट बेटावर आठ दिवस नेणार आहे. सोबत सूनबाई आणि चार वर्षांचा नातू. बाई लिहितात, "सगळे फिरतील आणि मी खोलीवर नातवाला सांभाळत वरणभाताचा कुकर लावीन, अशी धास्ती वाटते. पोहता येत नाही, गुडघे दुखतात, मांसमच्छी चालत नाही. मी तिथं करू तरी काय?"

मैत्रिणींनो, ही धास्ती एकट्या त्यांची नाही. महाबळेश्वरला जातानासुद्धा स्टोव्ह आणि मसाल्याचा डबा बांधून घेणाऱ्या आपण! म्हणून बाई, पहिलं काम हे करा. मुलाला आत्ताच सांगून टाका की आठांपैकी दोन सकाळी माझ्या. त्या दिवशी नातू त्याच्या आईबापांकडे किंवा आजोबांकडे. आजोबांना जमतं, सवय नसते इतकंच. आणि खोलीला स्वयंपाकघर असलंच, तर तिथं सकाळचा चहा तेवढा करा.

जेवणाची काळजी सोडा. ग्रीक लोकांचे धार्मिक उपवास पुष्कळ, त्यामुळे बिनमांसाचे पदार्थ घरोघरी होतात. द्राक्षाच्या पानांत भात गुंडाळून केलेले डोल्माडाकिया, पिवळ्या डाळीचा फावा (अगदी आपलं घट्ट वरण, वर कांदा नि ऑलिव्हचं तेल), लिंबू पिळलेली उकडलेली रानभाजी, म्हणजे होर्ता. जवाच्या कडक पावावर टोमॅटो नि चीज घातलेला डाकोस तर क्रीटचाच. मात्र पानांच्या भातात कधी खिमा असतो, तेव्हा 'होरिस क्रेआस', म्हणजे मांसाशिवाय, हे दोन शब्द पाठ करा. आणखी एक मेख आहे. त्यांच्या उपवासाला कोळंबी नि माकूळ चालतं! म्हणून 'उपवासाचं आहे' एवढ्यावर विसंबू नका. जेवणानंतर पुष्कळ ठिकाणी फळांबरोबर राकीची छोटी बाटली फुकट येते. ती दारू असते. नको असेल तर हसून बाजूला सारावी, कुणी रागावत नाही.

आता फिरणं. बेट पूर्व-पश्चिम सुमारे २६० किलोमीटर लांब आहे. एकाच गावी मुक्काम ठेवलात तर निम्मी सुट्टी गाडीत जाईल. चार दिवस पश्चिमेला हान्या आणि चार दिवस हेराक्लिओन, अशी वाटणी करायला सांगा.

हेराक्लिओनपासून पाचेक किलोमीटरवर क्नोसोसचा राजवाडा आहे. ही तुमची पहिली सकाळ. सावली फार थोडी, तेव्हा दार उघडायच्या वेळेलाच पोचा. साडेतीन हजार वर्षांहून जुनी ही वास्तू. आर्थर एव्हान्स या इंग्रज संशोधकानं १९०० साली इथं खणायला सुरुवात केली आणि काही भाग सिमेंटनं पुन्हा उभाही केला. त्याबद्दल विद्वान अजून नाकं मुरडतात. मला विचाराल तर त्यामुळेच आपल्यासारख्यांना काही उमगतं. बाकीचे सिंहासन बघत असतील तेव्हा तुम्ही कोठारं पाहा. माणसाच्या उंचीचे मातीचे रांजण आहेत. तेल, धान्य, वर्षाची बेगमी! भिंतीवरची मूळ चित्रं मात्र हेराक्लिओनच्या संग्रहालयात आहेत, ती दुपारच्या उन्हात बघावी.

दुसरी सकाळ स्पिनालोंगाची. एलुन्दा किंवा प्लाका गावाहून होडीनं जायचं. १९०३ ते १९५७ या छोट्या बेटावर कुष्ठरोग्यांना धाडून देत. आनंदवन माहीत असलेल्या आपल्याला हे पाहताना वेगळंच वाटेल. एपामिनोन्दास रेमुंदाकिस हा कायद्याचा विद्यार्थी १९३६ साली इथं रोगी म्हणून आला आणि त्यानं सगळ्यांना एकत्र करून हक्कांसाठी झगडा मांडला. त्या बायाबापड्यांनी इथं दुकानं चालवली, लग्नं केली, घरांना चुना दिला. रिकाम्या गल्लीतून सावकाश चाला. नातवाला नेऊ नका असं नाही, पण इथं एकटीनं जावं.

हान्याकडून एलाफोनिसीचा किनारा मात्र सर्वांनी मिळून करावा. रस्ता वळणांचा, दीडएक तासाचा. उलटीची गोळी जवळ ठेवा. पाणी गुडघाभर, वाळूत शिंपल्यांच्या चुऱ्याची गुलाबी झाक. पोहता येत नसलं तरी बेधडक बसा पाण्यात. साडी नको, भिजली की ओझं होते नि पायात येते. जुना सलवार-कुडता उत्तम. वाळू मात्र आणायची नाही, मनाई आहे.

सामारिया घळीचा बेत यजमान काढतीलच. सोळा किलोमीटर चाल, तीही बाराशे मीटर उतरत. उतार म्हणजे सोपं असं त्यांना वाटेल, पण गुडघ्यांचा बळी उतारच घेतो. त्यापेक्षा सगळ्यांनी बोटीनं खालच्या आगिया रुमेली गावी उतरावं आणि तिथून तास-दीड तास आत चालून ती तीन-चार मीटर रुंदीची अरुंद वाट बघून परत यावं. त्या गावाला मोटारीचा रस्ता नाही, म्हणून परतीच्या बोटीची वेळ आधी विचारून ठेवा. वारा सुटला की बोटी बंदही पडतात.

दुपारी दोन ते पाच पुष्कळ दुकानं बंद असतात, गाव झोपतं. तुम्हीही झोपा. खरेदी संध्याकाळी. ऑलिव्हचं तेल काचेच्या बाटलीतलं न घेता पत्र्याच्या डब्यातलं घ्या आणि मोठ्या बॅगेत, प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत बांधून, कपड्यांच्या मधोमध ठेवा. हातातल्या पिशवीत ठेवलंत तर विमानतळावर काढून घेतील.