गाडी आपली, किल्ली कुणाची?



शाळेपुढे यंदा दोन मोठ्या खरेद्या आहेत. मुलांना ने-आण करणारी जुनी डिझेल व्हॅन निवृत्त करून तिच्या जागी विजेवर चालणारी घ्यायची, ही एक. फी, हजेरी, गुणपत्रके आणि स्नेहसंमेलनाची छायाचित्रे सांभाळणारे सॉफ्टवेअर वार्षिक वर्गणी भरून घ्यायचे, ही दुसरी. पहिलीचे टिपण वाहतूक समितीकडे जाईल, दुसरीचे कार्यालयाकडे. आमचे म्हणणे असे, की या दोन्ही फायली एकाच टेबलावर, एकाच दिवशी उघडाव्यात. दोन्हींत विचारायचा प्रश्न एकच आहे: पैसे मोजून झाल्यावर ही वस्तू खरोखर आपली होते का?

आम्ही शाळेचे माजी विद्यार्थी, संगणक कक्षाची डागडुजी हौसेने पाहणारे. नव्या यंत्रांचे आम्हाला वेड आहे हे बडोद्यात आमच्या ओळखीच्या सगळ्यांना ठाऊक आहे, तेव्हा आमचा उत्साह थोडा वजा करूनच पुढचे वाचावे.

विजेच्या व्हॅनला आमचा पाठिंबा आहे, आणि तो नि:संकोच आहे. शाळेची गाडी सकाळी एक फेरी करते, दुपारी दुसरी, आणि बाकीचा दिवस पटांगणाच्या कडेला उभी असते. दिवसाचे अंतर थोडे, मार्ग ठरलेला, आणि रात्रभर चार्जिंगला वेळ. विजेच्या गाडीला याहून सोयीचे काम शोधून सापडणार नाही. रावपुरा-मांडवीच्या गर्दीत दर पन्नास पावलांवर थांबावे लागते; तिथे डिझेलचे इंजिन उभ्या जागी इंधन जाळते, तर विजेची मोटर गाडी थांबली की थांबते आणि वेग कमी करताना थोडी वीज परत बॅटरीत भरते. खर्चासाठी घरच्या छोट्या गाडीचेच गणित पाहा. एका युनिटवर ती सहा-सात किलोमीटर जाते. युनिटला आठ रुपये धरले तर किलोमीटरला सव्वा रुपया पडतो. लिटरला सोळा किलोमीटर जाणारी पेट्रोलची गाडी, पेट्रोल ९५ रुपये धरून, सहा रुपये खाते. व्हॅनचे आकडे वेगळे येतील, पण प्रमाण फारसे बदलणार नाही. आणि दुपारी फाटकाशी रांगेत उभी राहणारी बालवाडीची मुले बरोबर धुराड्याच्या उंचीची असतात, हा मुद्दा कोणत्याही हिशेबात येत नाही.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो रास्त आहे: वीज तरी कुठून येते? आपल्या देशातली सुमारे तीन-चतुर्थांश वीज अजून कोळशापासून तयार होते. धूर आपल्या फाटकातून उठून औष्णिक केंद्राच्या चिमणीत जातो, एवढे मान्य करावेच लागेल. पण पेट्रोलच्या इंजिनात निम्म्याहून कितीतरी अधिक ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. विजेच्या मोटरीत ती बहुतांश चाकाला मिळते. शिवाय विजेचा उगम बदलता येतो. आपल्या वडोदऱ्याजवळ नर्मदेच्या कालव्यावर १० मेगावॉटचा सौर प्रकल्प जानेवारी २०१५ मध्ये सुरू झाला; शाळेचे छप्पर त्यापुढे चिमुकले, पण ऊन तेच आहे. डिझेलची विहीर मात्र पटांगणात खोदता येत नाही.

इथपर्यंत आमचे आणि विक्रेत्याचे एकमत. मतभेद पुढे सुरू होतो.

विजेची गाडी म्हणजे चाके लावलेला संगणक. बॅटरी किती भरायची, मोटरीला किती जोर द्यायचा, दार कोणत्या मोबाईलने उघडायचे, हे सारे सॉफ्टवेअर ठरवते, आणि त्याचा काही भाग गाडीत नसून कंपनीच्या दूरच्या संगणकावर असतो. सप्टेंबर २०१७ मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडात इर्मा चक्रीवादळ आले. लोक घरे सोडून निघाले असताना टेस्ला कंपनीने तिथल्या काही ग्राहकांच्या गाड्यांचा पल्ला दूर बसून पन्नास-साठ किलोमीटरनी वाढवला. त्या गाड्यांत बॅटरी होती ७५ किलोवॉट-तासांची, पण कमी किमतीत विकताना सॉफ्टवेअरने ती ६० वर अडवलेली होती. संकटात कंपनीने कुलूप उघडले, चांगलेच केले. काही दिवसांनी ते पुन्हा लागले. ज्या बॅटरीचे वजन मालक रोज वाहत होता, तिचा एक कोपरा त्याचा नव्हता, हे त्या निमित्ताने जगाला कळले.

कंपनी असताना ही गत, तर कंपनी नसताना काय? अमेरिकेतील फिस्कर कंपनीने जून २०२४ मध्ये दिवाळे काढले. तिच्या ‘ओशन’ नावाच्या गाड्यांचे मालक हवालदिल झाले, कारण दुरुस्ती, सुटे भाग आणि सॉफ्टवेअर तिन्ही एकाच दारात मिळत होते आणि ते दारच बंद झाले. न्यूयॉर्कच्या एका टॅक्सी-व्यावसायिक कंपनीने उरलेल्या तीन हजारांवर गाड्या घेण्याचा करार केला. मग ऑक्टोबर २०२४ मध्ये तिला सांगण्यात आले, की गाड्यांची माहिती फिस्करच्या सर्व्हरवरून तुमच्या सर्व्हरवर हलवणे तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही. गाड्या घ्या, मेंदू मिळणार नाही, असा त्याचा अर्थ! दुसरीकडे मालकांनी आपली संघटना बांधली आणि एकमेकांना सुटे भाग, माहिती मिळवून द्यायला सुरुवात केली. ब्रिटनमध्ये निसान लीफ या गाडीच्या जुन्या मालकांना कंपनी चालू असतानाही धक्का बसला: २०१६ पर्यंत बनलेल्या गाड्यांचे मोबाईल अ‍ॅप एप्रिल २०२४ मध्ये बंद करण्यात आले, कारण ज्या टू-जी जाळ्यावर ते चालत होते तेच मोडीत निघायचे होते. गाडी चालते, पण घरात बसून तिचे चार्जिंग पाहता येत नाही.

आपल्या दाराशीही मालकीचा अर्थ बदलतो आहे. हलोलच्या कारखान्यात तयार होणारी एमजी विंडसर सप्टेंबर २०२४ मध्ये बाजारात आली तेव्हा तिची एक किंमत होती ९ लाख ९९ हजार, अधिक बॅटरीचे भाडे किलोमीटरला साडेतीन रुपये. गाडी तुमची, बॅटरी भाड्याची. यात फसवणूक काही नाही. सारे उघड लिहिलेले असते आणि कमी भांडवल असलेल्याला ते सोयीचेही पडेल. पण वरच्या सव्वा रुपयाच्या गणितात हे साडेतीन रुपये मिळवले तर पेट्रोलशी असलेले अंतर किती उरते, हे आठवीच्या मुलानेही करून पाहावे.

आता दुसरी फाईल. इथे दूरचे उदाहरण नको, हे वार्तापत्रच घ्या. २००३ ते २००९ या काळातल्या अंकांच्या सीडी कार्यालयाच्या कपाटात जपून ठेवलेल्या आहेत. त्या दिवसांत मराठी टंकनाच्या प्रत्येक सॉफ्टवेअरचा फाँट वेगळा आणि अक्षरांची सांकेतिक रचनाही वेगळी. काही सॉफ्टवेअर तर संगणकाच्या मागे डाँगल नावाचे छोटे कुलूप खोचल्याशिवाय सुरूच होत नसे. आज ती फाईल उघडली तर मुख्याध्यापकांच्या मनोगताच्या जागी रोमन अक्षरे आणि चिन्हांची खिचडी दिसते. सीडी शाबूत आहे, मजकूरही शाबूत आहे, वाचणारे सॉफ्टवेअर मात्र नाहीसे झाले. छापखाना बंद पडला म्हणून पुस्तकातली अक्षरे उडून गेली, असे सयाजीराव महाराजांच्या फिरत्या ग्रंथपेट्यांतल्या एकाही पुस्तकाबाबत झाले नसेल.

याहून ताजी आणि मोठी घटना आपल्याच राज्यातली. जामनगरकडे वाडीनारला नायरा एनर्जीचा तेलशुद्धीकरण कारखाना आहे, वर्षाला दोन कोटी टन क्षमतेचा. कंपनीत रशियन भागीदारी असल्याने युरोपीय संघाने जुलै २०२५ मध्ये तिच्यावर निर्बंध घातले, आणि त्यापाठोपाठ मायक्रोसॉफ्टने तिची ई-मेल वगैरे सेवा थांबवली. निर्बंध युरोपचे, कंपनी भारतात नोंदलेली, वर्गणी भरलेली. तरी कर्मचाऱ्यांना आपलीच पत्रे उघडता येईनात. नायराने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली, आणि महिना संपता संपता सेवा पुन्हा सुरू झाली. शुद्धीकरण कारखान्याला वकील परवडतात. शाळेला?

या दुखण्यावर एक जुना उपाय आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन नावाचा एक तरुण काम करी. तिथला प्रिंटर सारखा अडके. आधीच्या प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याने स्वतः सुधारणा करून कागद अडकला की सर्वांना निरोप जाईल अशी सोय केली होती. नव्याचा मूळ मजकूर, म्हणजे सोर्स कोड, कंपनीने दिलाच नाही. ज्याच्याकडे तो होता त्याने गुप्ततेचा करार पुढे केला. या चिडीतूनच १९८३ मध्ये स्टॉलमनने मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ जाहीर केली, आणि १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्सचे लिनक्स आल्यावर तिला बाळसे धरले. मुक्त किंवा मुक्तस्रोत सॉफ्टवेअर म्हणजे फुकटचे सॉफ्टवेअर, असा समज आहे. खरा मुद्दा वेगळा आहे: ते उघडून पाहता येते, बदलता येते, दुसऱ्याला देता येते, आणि करणारा निघून गेला तरी पाककृती तुमच्याजवळ राहते. गंमत अशी, की टेस्लाचा पडदाही लिनक्सवरच चालतो.

हे काही हौशी पोरांचे खेळ राहिलेले नाहीत. केरळच्या सरकारी शाळांतील संगणक वर्षानुवर्षे मुक्त प्रणालीवर चालत आहेत. जर्मनीतल्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने एप्रिल २०२४ मध्ये आपले सुमारे ३०,००० सरकारी संगणक लिबरऑफिसवर नेण्याचे जाहीर केले. मुंबईच्या फ्रापे या कंपनीचे ईआरपीनेक्स्ट हे हिशेबाचे सॉफ्टवेअर मुक्त आहे. अभ्यासक्रमासाठी मूडल, फायली आणि छायाचित्रांसाठी नेक्स्टक्लाउड आहे. शाळेच्या कपाटाएवढ्या जागेत एक साधा संगणक ठेवून हे सारे आपल्याच छताखाली चालवता येते.

पण इथे विश्वस्तांनी आमच्यासारख्यांवर आंधळा विश्वास टाकू नये. स्वतःचा सर्व्हर म्हणजे घरची गाय. दूध घरचे, पण शेण काढायलाही आपणच. वीज गेली, चकती बिघडली, उंदराने वायर कुरतडली, तर तक्रार करायला कोणी नाही. माहितीच्या तीन प्रती हव्यात आणि त्यांतली एक शाळेच्या इमारतीबाहेर. हे जमणार नसेल तर त्या वाटेला जाऊच नये. ई-मेलचा सर्व्हर शाळेने स्वतः चालवू नये असे आमचे स्पष्ट मत आहे, त्या कामात निष्णात माणसेही हात टेकतात. आणि एकट्या हौशी माणसावर सारे अवलंबून ठेवणे हे कंपनीवर अवलंबून राहण्यापेक्षाही वाईट. तो नोकरीनिमित्त पुण्याला गेला की पासवर्ड त्याच्याबरोबर पुण्याला! म्हणून दोन शिक्षक, एक पालक आणि लिहून ठेवलेली वही, एवढे आधी, यंत्र नंतर.

मुलांच्या माहितीचा प्रश्न मात्र टाळता येणार नाही. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले आहे आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक धरली आहे. ही माहिती कुठे आहे, कोण पाहतो आणि शाळा सोडल्यावर ती पुसली जाते का, हे विचारण्याचा पालकांना हक्क आहे. उत्तर द्यायला शाळेला ते आधी ठाऊक असले पाहिजे.

तेव्हा दोन्ही निविदांत काही अटी घालाव्यात असे आम्ही सुचवतो. व्हॅन इंटरनेटशिवाय, अ‍ॅपशिवाय, साध्या किल्लीने चालू होते का? बॅटरीची हमी कागदावर किती वर्षांची, आणि बाहेरच्या मिस्त्रीला बिघाडाची नोंद वाचता येते का? पटांगणात लावायचा चार्जर ओसीपीपी या खुल्या नियमावलीने बोलणारा असावा. म्हणजे चार्जर चालवणारी कंपनी उठून गेली तरी तोच खांब दुसऱ्या कंपनीच्या, किंवा आपल्याच, सर्व्हरला जोडता येईल. सॉफ्टवेअर वर्गणीचेच घ्यायचे ठरले तरी हरकत नाही, पण वर्गणी थांबवल्यावर सगळी माहिती कोणत्या स्वरूपात आणि किती दिवसांत परत मिळेल, हे करारात लिहून घ्यावे, आणि सही करण्यापूर्वी एकदा ती परत काढून दाखवायला सांगावे. विक्रेता दाखवायला तयार नसेल तर त्याचा चहा पाजून निरोप घ्यावा.

जाता जाता, जुन्या सीडींविषयी. नववीच्या चार मुलांनी तो मजकूर युनिकोडमध्ये आणणारी एक छोटी आज्ञावली लिहायला घेतली आहे. साधी अक्षरे बरोबर येतात. रफार आणि ‘ष्ट’सारखी जोडाक्षरे अजून रुसलेली आहेत. २००३ ते २००९ चे छापील अंक ज्यांच्या घरी असतील त्यांनी ते पडताळणीसाठी कार्यालयात आणून द्यावेत. अंक जसेच्या तसे परत मिळतील.