विश्लेषण : जुन्या पायथन स्क्रिप्ट नव्या आवृत्तीत का अडखळतात? न दिसणाऱ्या चुका अधिक घातक का?

कार्यालयातला जुना संगणक बदलला जातो आणि दहा वर्षे बिनतक्रार चाललेली, महिनाअखेरचा हिशेब काढणारी छोटीशी पायथन स्क्रिप्ट पहिल्याच ओळीला थांबते. ती लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेलेला असतो. एरर घालवून स्क्रिप्ट कशीबशी सुरू करणे, हेच मग काम ठरते. पण थांबलेली स्क्रिप्ट फार नुकसान करत नाही. सुरू होऊन चुकीचा आकडा देणारी स्क्रिप्ट करते.

हा प्रश्न आला कुठून?

गिडो फान रॉसम यांनी निर्माण केलेल्या पायथन भाषेची ३.० ही आवृत्ती ३ डिसेंबर २००८ रोजी आली. जुन्या रचनेतले दोष काढण्यासाठी या आवृत्तीने मागच्या आवृत्तीशी असलेली सुसंगती जाणूनबुजून सोडली. २०१० मध्ये आलेल्या २.७ या आवृत्तीचा आधार २०१५ मध्ये संपणार होता. तो १ जानेवारी २०२०पर्यंत वाढवण्यात आला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आलेली २.७.१८ ही या मालिकेतली शेवटची आवृत्ती. त्यानंतर अॅपलने २०२२ मध्ये मॅकओएस १२.३ मधून, तर डेबियन लिनक्सने २०२३ मध्ये आपल्या बाराव्या आवृत्तीतून पायथन २ काढून टाकले. भाषा घडवणाऱ्यांकडून सुरक्षेच्या दुरुस्त्या येणेही थांबले. म्हणजे ‘चालतंय ना, मग राहू दे’ हे धोरण आता टिकणारे नाही.

पडद्यावर दिसणाऱ्या चुका कोणत्या?

सर्वांत आधी भेटते ती सिन्टॅक्स एरर. जुन्या पायथनमध्ये प्रिंट हे विधान होते, आता ते फंक्शन आहे. म्हणून कंस नसेल तर स्क्रिप्ट सुरूच होत नाही. एक्सेप्टच्या ओळीतला जुना स्वल्पविराम जाऊन तिथे ‘अॅज’ आले. टॅब आणि स्पेस यांची सरमिसळही नव्या आवृत्तीला चालत नाही. त्यानंतर नेम एरर येते, कारण ‘रॉ इनपुट’चे ‘इनपुट’ झाले आणि ‘एक्सरेंज’चे ‘रेंज’. ‘युआरएललिब२’ हे मॉड्यूल तर त्या नावाने उरलेलेच नाही.

एररचा मजकूर खालून वर वाचावा. शेवटच्या ओळीत चुकीचा प्रकार असतो आणि त्याच्या वर ओळीचा क्रमांक. एक चूक काढली की दुसरी दिसते, याने वैतागू नये. सिन्टॅक्स सुधारेपर्यंत पुढचा कोड चालतच नाही. मात्र एक मेख आहे. सिन्टॅक्स सोडून इतर बहुतेक चुका त्या ओळीवर वेळ आल्यावरच उघड होतात. फक्त मार्चअखेरीस चालणाऱ्या भागातली नेम एरर ऑगस्टमधल्या चाचणीत दिसणार नाही.

न दिसणाऱ्या चुका कोणत्या?

पहिली भागाकाराची. जुन्या पायथनमध्ये ७ भागिले २ याचे उत्तर ३ येई, आता ३.५ येते. ५० नग १२च्या खोक्यांत भरले तर पूर्ण भरलेली खोकी ४. नवी स्क्रिप्ट ४.१६ पेक्षा थोडे अधिक सांगते आणि तोच आकडा पुढच्या गुणाकारात जातो. पूर्णांकच हवा असेल तिथे एकाऐवजी दोन तिरक्या रेषा द्याव्या लागतात.

दुसरी चूक ‘राउंड’ची. आधी २.५ चे ३ होत. पायथन ३ अर्ध्यावरचा आकडा जवळच्या सम संख्येकडे नेते, म्हणून २.५ चे २ होतात आणि ३.५ चे ४. रुपयात पूर्णांक करणाऱ्या पगारपत्रकात अशा शेकडो ओळी असतील, तर एकूण बेरीज हलते. तिसरी चूक ‘मॅप’ आणि ‘फिल्टर’ची. ते आता यादी देत नाहीत, एकदाच वाचता येणारा प्रवाह देतात. पहिली बेरीज बरोबर येते. तोच प्रवाह पुन्हा बेरजेला घेतला तर उत्तर शून्य.

या तिन्ही ठिकाणी एरर येत नाही. फाइल तयार होते, ईमेल जातो आणि चूक कळते ती कुणी पैसे कमी आल्याची तक्रार केल्यावर.

मराठी मजकुराचे काय?

या बदलाचा सर्वांत मोठा फायदा देवनागरी वापरणाऱ्यांना झाला. यूटीएफ-८ मध्ये साठवलेल्या ‘मराठी’ या शब्दाची लांबी पायथन २ साध्या स्ट्रिंगमध्ये १५ सांगे, कारण ते बाइट मोजत होते. पायथन ३ मध्ये ती ५ येते, कारण काना आणि वेलांटी धरून युनिकोडची चिन्हे मोजली जातात. मात्र फाइल उघडताना एन्कोडिंग सांगितले नाही, तर विंडोजवर मराठी नावांची यादी युनिकोड डीकोड एरर देऊ शकते किंवा अगम्य चिन्हांनी भरते. त्यावर ‘एरर इग्नोर करा’ हा सोपा उपाय अनेकदा केला जातो. तो उपाय नव्हे. न वाचता आलेले बाइट गुपचूप गळतात आणि लाभार्थ्याचे नाव अर्धवट उरते. फाइल उघडताना यूटीएफ-८ स्पष्ट लिहावे, इतकेच बहुतेकदा पुरते.

आपोआप बदल करणारी साधने पुरेशी आहेत?

पायथनसोबतच येणारे ‘टू-टू-थ्री’ हे साधन प्रिंटचे कंस, बदललेली नावे यांसारखी कामे चोख करत असे; भागाकाराला मात्र हात लावत नसे. २०२४ मधल्या ३.१३ आवृत्तीतून तेही काढले गेले. आता हे काम एआय साधनांकडे जाते आहे. ती चालणारा कोड पटकन देतात, पण अर्धा रुपया वर न्यायचा की खाली, हा कार्यालयाचा नियम जुन्या कोडमध्ये लिहिलेला नसतो. तो हिशेबनिसाच्या डोक्यात असतो.

मग मार्ग कोणता?

कोडला हात लावण्याआधी जुन्या संगणकावर मागच्या काही महिन्यांची आणि मार्चअखेरीची माहिती देऊन निकाल जपून ठेवावेत. पायथन २.७ ‘वजा तीन’ या पर्यायासह चालवले, तर भागाकारासारख्या धोक्याच्या जागांचा इशारा मिळतो. बदल झाल्यावर तीच माहिती नव्या स्क्रिप्टला द्यावी आणि दोन्ही निकाल ओळीला ओळ लावून पाहावेत. फरक दिसला, तर बरोबर काय हे हिशेब जाणणाऱ्याने ठरवावे, प्रोग्रामरने एकट्याने नव्हे.

यासाठी दिवस लागतात, आणि खरी अडचण तीच आहे. ‘छोटी स्क्रिप्ट तर आहे’ म्हणत वरिष्ठ एका दुपारची मुदत देतात आणि पुढे आकडा चुकला की दोष शेवटी कोडला हात लावणाऱ्याच्या माथी येतो. जिच्यावर माणसांचे पगार आणि याद्या ठरतात, ती स्क्रिप्ट छोटी नसते. ‘सुरू झाली’ म्हणजे ‘बरोबर आहे’ नव्हे. जुना आणि नवा निकाल जुळल्याची कुणाची तरी सही होईपर्यंत ते काम अपूर्णच मानायला हवे.