बंद दुकानाची उधारी

आमच्या कोपऱ्यावरचं वाण्याचं दुकान २०२५ च्या दिवाळीत बंद झालं. दरवर्षी लक्ष्मीपूजनाला शेठ लाल कापडी पुठ्ठ्याची नवी वही पूजायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातावर पेढा ठेवायचे. त्या वर्षी पेढा मिळाला, नवी वही नव्हती. भाऊबीज झाली आणि शटर खाली आलं ते आलंच.

डोंबिवलीत राहणाऱ्यांना हे काही नवीन नाही. इमारत रिडेव्हलपमेंटला गेली की खालची दुकानं तीन-चार वर्षांसाठी जातात आणि नवी इमारत उभी राहते तेव्हा तिथे वाणी परत येतोच असं नाही. आमच्या शेठचं वय झालेलं, मुलगा कॉम्प्युटरवाला, त्याला गल्ल्यावर बसायचं नाही. शेठनी जागा देऊन टाकली आणि मोकळे झाले. यात त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. माणसाने सत्तरीतसुद्धा सकाळी सात वाजता शटर उघडावं अशी सक्ती आपण कोण करणार?

सोसायटीच्या ग्रुपवर मात्र त्या दिवशी नुसता पूर आला होता. "एका युगाचा अंत", "आमचं बालपण हरवलं", रडक्या चेहऱ्यांच्या रांगा. कोणी शटरचा फोटो टाकला, कोणी जुन्या पुड्यांच्या आठवणी लिहिल्या. मीही लिहिल्या. लवंगा कागदाच्या पुडीत कशा मिळायच्या वगैरे. (हो, आमच्या घरात भावुक व्हायचं खातं माझ्याकडेच आहे :))

खरं सांगायचं तर त्या दुकानातून मी महिन्याची यादी भरणं २०२१ मध्येच थांबवलं होतं. लॉकडाऊनमध्ये, म्हणजे २०२० च्या एप्रिलमध्ये, याच दुकानाने आम्हाला जगवलं. दोन किलो कांदे आणि एक पिशवी कणीक असं मोजून मोजून, पण प्रत्येक घराला दिलं. मग वर्षभराने मोबाइलवर सगळं दहा-पंधरा रुपयांनी स्वस्त दिसायला लागलं आणि तांदूळ, तेल, तूप, साबण हळूहळू तिकडे गेले. दुकानात काय उरलं? ऐन वेळेचा नारळ. कापूर. आलं-लसूण. आणि "मामा, पैसे नंतर देते."

शेठ एकदा हसत हसत म्हणाले होते, "कंपनीचा माणूस मला ज्या भावाने माल देतो, त्याच्यापेक्षा कमी भावाने तुमच्या मोबाइलवर येतो. आता मीच तुमच्या मोबाइलवरून मागवू का?" तेव्हा मला तो विनोद वाटला. पण २०२२ च्या सुरुवातीला महाराष्ट्रातल्या वितरकांनी एका मोठ्या कंपनीच्या टूथपेस्टची विक्री थांबवली होती, ती याच तफावतीवरून. मोठ्या खरेदीदाराला एक भाव आणि गल्लीतल्या दुकानाला दुसरा. शेठ पाठीमागे पडले ते आळशीपणामुळे नाही. शर्यतीची रेघच त्यांच्यासाठी दहा पावलं मागे आखलेली होती.

असो. आजचा विषय शेठ नाहीत. विषय मामांचा आहे.

मामा त्या दुकानात सत्तावीस वर्षं होते. राजापूरकडचे. नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. शेठ गल्ल्यावर आणि मामा आत, वजनकाट्यापाशी. वही गुजराती अक्षरांत लिहिलेली असे. मामा कोकणातले, मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेले, पण सत्तावीस वर्षांत ते गुजराती अक्षर घडाघडा वाचायला शिकले. कुठल्या घरात साबुदाणा कुठल्या वारी लागतो, कोणाला कोलम चालतो, कोणाला नाही, हे त्यांना तोंडपाठ. माझ्या सासूबाई फोन करून फक्त "उपवासाचं पाठव रे" म्हणायच्या आणि वरीचे तांदूळ, शेंगदाणे, राजगिऱ्याच्या वड्या बरोबर यायच्या. कधी कधी फोनवरच उत्तर यायचं, "काकू, आज नको, साबुदाणा जुना हाय. परवा नवा येतोय."

मालकाच्या दुकानात उभं राहून मालकाचा माल घेऊ नका म्हणणारा माणूस! असं मला कुठलंही ॲप अजून म्हणालेलं नाही.

दुकान बंद झाल्यावर साधारण दोन आठवड्यांनी, एका रविवारी सकाळी दार वाजलं. मामा उभे होते, हातात ती लाल वही. मला वाटलं भेटायला आले. पाणी दिलं. पाणी पिऊन त्यांनी वही उघडली आणि खाली बघत म्हणाले, "वहिनी, तुमचे दोन हजार तीनशे चाळीस निघतायत."

माझी पहिली प्रतिक्रिया काय होती माहिती आहे? मी म्हटलं, "शक्यच नाही. मी फोनवरून पाठवले होते मागे." आणि पुढे असंही म्हटलं, "दाखवा बघू वही."

त्यांनी दाखवली. मला गुजराती येत नाही, म्हणून त्यांनीच बोट ठेवून वाचलं. नारळ, दोन. कापूर. वाती. सासूबाईंच्या राजगिऱ्याच्या वड्या. पाडव्याच्या साखरेच्या गाठी. गणपतीतलं अगरबत्तीचं मोठं पुडकं, ज्याबद्दल "नंतर देते" म्हटल्याचं मला वाचता वाचता स्वच्छ आठवलं. फोनवरून पाठवलेले पैसे त्याच्या आधीचे होते आणि ते जमा धरलेलेही होते. मी पैसे दिले. देताना माझा चेहरा कसा झाला असेल तो असो.

मग चहा झाला आणि हळूहळू सगळं बाहेर आलं. दुकानात मामा धरून चार माणसं कामाला होती. शेठनी प्रत्येकाला तीन महिन्यांचा पगार दिला आणि वर ती वही दिली. म्हणाले, यातलं जे वसूल होईल ते तुम्हा चौघांचं. एकसष्ट घरांची मिळून एक लाख शहाऐंशी हजार उधारी होती.

हे ऐकल्यापासून मी ठरवू शकलेले नाही की याला औदार्य म्हणायचं की दुसरं काही. शेठना द्यायची सक्ती नव्हती, तरी त्यांनी दिलं, हे खरं. पण जे पैसे त्यांना स्वतःला वसूल झाले नाहीत, ते वसूल करायचं काम त्यांनी सत्तावीस वर्षांच्या चाकरीची बिदागी म्हणून दिलं, हेही खरं. आणि ज्या गिऱ्हाइकांशी मामांनी कधी पैशाचा विषय काढला नव्हता (तो गल्ल्यावर व्हायचा), त्यांच्या दारात उभं राहून आता पैसे मागायचे.

घरी सगळे झोपल्यावर मी हिशोब करत बसले. मामांचा पगार शेवटी महिना चौदा हजार होता. ग्रॅच्युइटी म्हणजे दर वर्षाच्या नोकरीला पंधरा दिवसांचा पगार, आणि महिना सव्वीस दिवसांचा धरतात. सत्तावीस वर्षांचे होतात सुमारे दोन लाख अठरा हजार. पण ग्रॅच्युइटी मिळते कोणाला? दुकानात किमान दहा माणसं असतील तर. १९७२ च्या कायद्यात हीच अट होती, आणि २१ नोव्हेंबर २०२५ ला नव्या कामगार संहिता लागू झाल्या तेव्हाही दहाचा आकडा तसाच राहिला. प्रॉव्हिडंट फंडाला तर वीस माणसं लागतात. मामांच्या दुकानात चार. धंदा बंद करताना कामगाराला भरपाई द्यावी असंही कायदा म्हणतो, पण त्यासाठी आधी आपण तिथे कामाला होतो हे दाखवावं लागतं. हजेरीबुक नाही, पगाराची पावती नाही, नेमणुकीचं पत्र नाही. मामांकडे सत्तावीस वर्षांचा कागद म्हणून जे काही होतं, ती ती वही, आणि तिच्यात नावं आमची होती.

हे मी माझ्या मावसबहिणीला फोनवर सांगत होते. ती इंग्लंडात असते आणि इथलं सगळं नेमाने वाचते, त्यामुळे हेही वाचेल. ती म्हणाली, आमच्याकडे काही वेगळं झालं नाही. वूलवर्थ्स नावाची जुनी दुकानांची साखळी होती. २००८ च्या डिसेंबरात तिची दुकानं बंद व्हायला लागली आणि ६ जानेवारी २००९ ला शेवटची बंद झाली. दुकानं ८०७, नोकऱ्या गेल्या सुमारे २७ हजार. कामावरून काढण्याआधी कामगारांशी नीट सल्लामसलत केली नाही म्हणून पुढे बहुतेकांना भरपाई मिळाली. पण ज्या दुकानांत वीसपेक्षा कमी माणसं होती, तिथल्या सुमारे ३,२०० जणांना काहीच नाही. कंपनी एकच, बंद पडण्याचं कारण एकच, पण माणसं मोजायची दुकानागणिक. कामगार संघटना युरोपच्या न्यायालयापर्यंत गेली आणि २०१५ मध्ये तिथेही हरली.

म्हणजे इकडे काय नि तिकडे काय, कायदा घोळका बघतो. एकट्यादुकट्याने काम करणारा माणूस त्याच्या चाळणीतून खाली पडतो. आणि गल्लीतलं दुकान तर एकट्यादुकट्यांवरच चालतं.

मुंबईतलं स्ट्रँड बुक स्टॉल फेब्रुवारी २०१८ मध्ये बंद झालं तेव्हा मी खूप हळहळले होते. शानभागांनी १९४८ मध्ये ते सुरू केलं, पुस्तकप्रेमाबद्दल त्यांना पद्मश्री मिळाली, तिथली वीस टक्के सवलत, हे सगळं मी तेव्हा चवीने वाचलं आणि चार जणांना ऐकवलं. त्याच्या दोन वर्षं आधी, २०१६ मध्ये, काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस गेलं, तेव्हाही तेच. पण मागितलेलं पुस्तक फळीवरून काढून हातात देणारी, कॅसेट शोधून देणारी माणसं दुसऱ्या दिवसापासून कुठे गेली, हा प्रश्न मला दोन्ही वेळा पडला नाही. आपण दुकानासाठी रडतो तेव्हा बहुतेक वेळा आपल्या सवयीसाठी रडत असतो.

आता गिऱ्हाइकांचं म्हणाल तर माझं काहीच अडलेलं नाही. माझ्या दारात दहा मिनिटांत सामान येतं. अडलं ते सासूबाईंचं. त्या रोज संध्याकाळी पाच वाजता काठी घेऊन दुकानापर्यंत जायच्या, बाहेरच्या स्टुलावर दहा मिनिटं बसायच्या, पाच रुपयांची काहीतरी खरेदी करायच्या आणि परत यायच्या. डॉक्टरांनी चाला सांगितलं होतं ते असं चाललं जायचं. आता त्या गेटपर्यंत जातात आणि वळतात. पुढे जाऊन करायचं काय, असं म्हणतात. मी त्यांना ॲप शिकवायला गेले तर म्हणाल्या, "त्याला विचार, साबुदाणा जुना आहे का." मी गप्प बसले.

सगळ्यांनी वाण्याकडूनच खरेदी करा, असा उपदेश मी करणार नाही. मीच करत नाही, तर कुठल्या तोंडाने सांगू? नोकरी, घर, आजारपणं सांभाळणाऱ्या बाईला घरपोच सामान ही चैन नाही. दुकानं बंद होणार, काही आपल्यामुळे, काही बिल्डरमुळे, काही मुलांना नको म्हणून.

पण बंद होताना आपण दोन गोष्टी करू शकतो. एक म्हणजे, दुकानदाराला "आता पुढे काय?" असं विचारतो, तेव्हा आत उभ्या असलेल्या माणसालाही विचारणं, आणि शेठना जरा स्पष्टच विचारणं की यांचं काय केलंत. चार जुन्या गिऱ्हाइकांनी विचारलं तर दुकानदाराला उत्तर द्यावं लागतं. मी हे विचारलं नाही. पेढा खाऊन घरी आले. दुसरी त्याहून सोपी, आपलं खातं चुकतं करणं, कोणी दारात यायच्या आधी.

मामा आता दिव्याला एका दुकानात जातात, महिना नऊ हजारांवर. तिथे त्यांना सगळे नवीन माणूस म्हणतात. सुट्टी रविवारची, म्हणून वसुली रविवारी. एकसष्टपैकी तेहतीस घरांचं जमा झालंय. काहींनी हिशोबापेक्षा जास्त दिले, काहींनी पुढच्या रविवारी या सांगितलं. दोन घरांत आतून टीव्हीचा आवाज येत होता, पण दार उघडलं नाही. त्यातलं एक घर ग्रुपवर "एका युगाचा अंत" लिहिणारं आहे. कुठलं ते मामांनी सांगितलं नाही, मी वहीत वाकून बघितलं. गुजराती येत नसलं तरी फ्लॅटचा नंबर वाचता येतो.

तेव्हा आमच्या बिल्डिंगमधली जी मंडळी हे वाचत असतील त्यांच्यासाठी: मामा या रविवारी दहानंतर येणार आहेत. आमच्याकडे चहा घेऊन मग बी विंगला जातील. सुट्टे काढून ठेवा.