जुन्या जीपचा सेल्फ

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलभागात कुणाच्या गोठ्याशेजारी आजोबांची जीप अजून उभी असते. सेल्फ मारला की नुसता 'टक्' आवाज. मग कुणी तरी सुचवतो, जुना सेल्फ द्या, नवा बसवून देतो. देऊ नका! मूळ सामान गेले की जुन्या गाडीचे मोल उतरते.

आधी सेल्फ ओळखा. अंगावरची पत्र्याची पट्टी रॉकेलच्या चिंधीने पुसा. 1941 ते 1945 मधल्या युद्धातल्या विलीस जीपला ऑटो-लाइटचा 6 व्होल्टचा सेल्फ असे. लुकास-टीव्हीएस कंपनी निघाली 1961 साली. तिचा शिक्का दिसला तर तो मागाहून बसवलेला समजा.

हात लावण्यापूर्वी बॅटरीची तार काढा. पुष्कळदा दोष सेल्फमध्ये नसतोच. पावसाळ्याची ओल खाऊन अर्थिंगची पट्टी गंजलेली असते, ती घासली की काम होते. नाहीतर झिजलेले कार्बन बदला, आर्मेचरचे तांबे बारीक काचकागदाने पुसा. एमरी कागद मुळीच नको, त्याची कणी वीज वाहून नेते. बेंडिक्सला ग्रीस फासू नका. आपल्याकडची धूळ बसून तो अडकतो. 6 व्होल्टच्या सेल्फला 12 ची बॅटरी लावली तर झपाट्याने फिरतो खरा, पण त्या दणक्याने बेंडिक्सची स्प्रिंग तुटू शकते.

तोवर हँडल मारा. गाडी न्यूट्रलमध्ये हवी, आणि अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा. इंजिनाने उलटा झटका दिला तर अंगठा मोडतो.